तुटलेला किनारा सांधायचा कसा?

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, सयाजीबागेतून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर जंबुसरच्या दक्षिणेला खंभातच्या आखातात शिरते. आपल्या परिसरातल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही १९८३पासून एका वेगळ्या कालव्यातून, सुमारे ५५ किलोमीटरचा प्रवास करून, सारोदजवळ महीच्या मुखाशी जातं. म्हणजे वडोदऱ्याला किनारा नसला तरी वडोदरा रोज समुद्राला काहीतरी पाठवत असतं.

आणि बडोदे संस्थानाला तर किनारा होताच. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा सगळा ओखामंडल गायकवाडांच्या राज्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाने ओखामंडलच्या समुद्राची पाहणी करून बडोदा सरकारला अहवाल दिला. त्याचा पहिला भाग १९०९ साली छापला गेला, दुसरा १९१६ साली. मोत्यांचे शिंपले, शंख, प्रवाळ, स्पंज अशी त्यात बारकाईने नोंद आहे. कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपा बसवत, त्या शिंपांच्या तिथल्या वस्तीचीही त्याने पाहणी केली होती. देशात सागरी जीवांचा असा अभ्यास फारसा कोणी करत नव्हतं, तेव्हा आपल्या संस्थानाने तो करून घेतला, ही गोष्ट वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आज त्याच किनाऱ्यावर नुकसान भरून काढण्याचं काम चाललं आहे. कुठे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावतात, कुठे प्रवाळ, कुठे समुद्राच्या तळावरचं गवत. पण जगभरात शास्त्रज्ञ आता एक वेगळी गोष्ट सांगू लागले आहेत: यातलं एकेक सुटं दुरुस्त करून भागत नाही. खाडी, चिखल, तिवरांचं वन, सागरी गवत आणि प्रवाळ एकमेकांच्या जोरावर उभे असतात. तेव्हा दुरुस्त करायचं ते त्यांच्यातलं नातं. म्हणजे काय, ते नीट पाहू.

कोळंबीचा प्रवास

आपल्यातल्या सीकेपी आणि सारस्वत घरांत कोळंबीचं कौतुक काही सांगायला नको. या कोळंबीचं आयुष्य पाहिलं की सगळा विषय उलगडतो.

खाण्यात येणाऱ्या बहुतेक सागरी कोळंब्या अंडी घालतात ती उघड्या समुद्रात. अंड्यातून दिवसभरात पिल्लू बाहेर येतं, इतकं बारीक की प्रवाह नेईल तिकडे जातं. दोन-तीन आठवड्यांत ते तीन-चार रूपं पालटतं आणि मग भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतं. पुढचे काही महिने त्याचा मुक्काम तिवरांच्या मुळांत आणि खाडीच्या चिखलात. इथे पडलेली पानं कुजतात, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, ते पिल्लांचं अन्न. मुळांच्या दाटीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून जीव वाचतो. अंगाने भरली की कोळंबी पुन्हा समुद्राकडे निघते आणि तिथे जाळ्यात सापडते किंवा अंडी घालते.

आता समजा, खाडीच्या तोंडावर कोणी बांध घातला. आतलं वन शाबूत आहे, बाहेरचा समुद्रही शाबूत आहे. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही जागच्या जागी दिसतील. पण पिल्लाला आत यायला वाट नाही, आणि त्या खाडीपुरती कोळंबी संपली. दोन जागा वाचल्या, मधला दुवा तुटला, आणि हा दुवा कुठल्याच नकाशावर रंगवलेला नसतो.

माशांचंही असंच आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, २००४ साली, असं दिसलं की ज्या प्रवाळांच्या जवळ तिवरांचं वन होतं तिथे बाजारात मोल असलेल्या अनेक जातींच्या माशांचं एकूण वजन दुपटीहून जास्त होतं. प्रवाळावर राहणाऱ्या एका मोठ्या पोपटमाशाचं बालपण तिवरांत जातं, आणि तिवरं तोडली गेली तिथून तो मासा पार नाहीसा झाला. त्याच्या प्रवाळाला कोणी हात लावलेला नव्हता.

लाट, गाळ आणि स्वच्छ पाणी

जीव ये-जा करतात तसं पाणीही करतं, आणि इथे हिशेब दोन्ही दिशांनी चालतो.

समुद्राकडून लाट येते. आधी प्रवाळाच्या भिंतीवर आपटते. जगभरातल्या मोजमापांची सरासरी काढली तर प्रवाळाची भिंत लाटेची सुमारे ९७ टक्के ताकद तिथेच जिरवते. मागे उरतं ते शांत पाणी, आणि अशा शांत पाण्यातच सागरी गवत मुळं धरतं. हे शेवाळ नव्हे बरं का. त्याला खरी मुळं असतात, फुलं येतात, बिया धरतात. जमिनीवरच्या वनस्पतींचाच हा वंश, समुद्रात परत गेलेला. गवताच्या मागे, किनाऱ्याला लागून, तिवरं.

उलट दिशेने जमिनीवरून गाळ, खतं, मळ येतो. तिवरांची मुळं पाण्याचा वेग कमी करतात, गाळ तिथेच बसतो. उरलेलं गवत अडवतं. म्हणून प्रवाळापर्यंत पोचणारं पाणी नितळ असतं. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना सूर्यप्रकाश लागतो. पाणी गढूळ झालं की ती अन्न बनवू शकत नाहीत आणि प्रवाळ उपाशी पडतं. तिवरं तोडल्याचा दंड असा काही किलोमीटर दूरचं प्रवाळ भरतं.

या साखळीचा माणसाला होणारा फायदा १९९९च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात मोजता आला. केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे तिवरांचा रुंद पट्टा होता, तिथे माणसं कमी दगावली.

सगळ्या किनाऱ्यांची घडण एक नाही

गुजरातची दोन आखातं शेजारी असूनही स्वभावाने फार वेगळी आहेत, आणि हे लक्षात न घेता केलेली योजना फसते.

कच्छच्या आखातात तिवरं, सागरी गवत आणि प्रवाळ तिन्ही आहेत. भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली तिथे, जामनगरच्या किनाऱ्यावर, जाहीर झालं. त्याआधी कित्येक वर्षं तिथली प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसली जात होती.

आपलं खंभातचं आखात गढूळ. भरती-ओहोटीतला फरक भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्या आसपास, देशातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेलेल्यांनी ते पाहिलेलं आहे; देऊळ भरतीत बुडतं, ओहोटीत उघडं पडतं. एवढ्या ओढीत आणि गाळात प्रवाळ फारसं जगत नाही. इथे आहेत मैलोन्‌मैल चिखलाचे पट्टे, खाऱ्या जमिनीवरची मांसल पानांची झुडपं, तिवरं आणि मही आणि नर्मदेची मुखं. तेव्हा इथे ‘जोडलेला किनारा’ याचा अर्थ नदीपासून चिखलापर्यंतची साखळी.

चिखलाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याची कदर कोणीच करत नाही. कागदावर त्याची नोंद बहुतेकदा पडीक जमीन अशी होते. प्रत्यक्षात त्या चिखलाच्या वरच्या थरात सूक्ष्म शैवाल, किडे, शिंपले, खेकडे ठासून भरलेले असतात. निवट्या नावाचे मासे त्यावर उड्या मारतात. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो मैल उडून आलेले चिखले पक्षी इथे पोट भरतात, आणि गुजरातचा राज्यपक्षी रोहितही. या चिखलावर सरसकट झाडं लावणं म्हणजे एक अधिवास बुजवून दुसरा उभा करणं. त्याला पुनर्स्थापना म्हणता येत नाही.

रोपं का मरतात

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. तिवरं लावण्याच्या मोहिमा गेली चाळीस वर्षं आशियाभर चालल्या आहेत आणि त्यातल्या फार मोठ्या भागाचं अपयश लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. फिलिपिन्समध्ये मोठा पैसा ओतून लावलेली रोपं बहुतेक ठिकाणी १० ते २० टक्केच जगली. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर वगैरे झालेल्या लागवडीची २३ ठिकाणं तपासली, तेव्हा हजारभर हेक्टरपैकी साधारण दोनशे हेक्टरच टिकलेले आढळले, आणि नऊ ठिकाणी एकही रोप शिल्लक नव्हतं.

कारण दोन्हीकडे जवळपास तेच. तिवरं उगवतात ती साधारण समुद्राच्या मध्यम पातळीच्या वर आणि मोठ्या भरतीच्या रेषेच्या खाली. या पट्ट्याची मालकी बहुधा कोणाची तरी असते. तिथे मत्स्यतळी, मिठागरं, शेतं झालेली असतात. म्हणून मोहिमेला जागा मिळते ती त्याच्या खाली, उघड्या चिखलावर किंवा थेट सागरी गवतावर, जिथे वाद घालायला कोणी नसतं. तिथे रोप दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली राहतं. तिवराची वर डोकावणारी मुळं हवा घेण्यासाठी असतात. ती बुडून राहिली की झाड गुदमरतं. जिथे ते आपोआप उगवत नाही, तिथे का उगवत नाही हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

तमिळनाडूतल्या पिचावरमला हा प्रश्न विचारला गेला. ब्रिटिश काळात तिथलं वन पट्ट्यापट्ट्याने साफ तोडलं जायचं. उघडी पडलेली जमीन वाळून खचली, बशीसारखी झाली, भरतीचं पाणी त्यात साचून राहू लागलं, आटलं की मीठ मागे उरायचं. इतक्या खारट जमिनीत तिवरही जगत नाही. स्वामिनाथन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात गावकऱ्यांना आणि वनखात्याला सोबत घेऊन तिथे आधी चर खणले: एक मुख्य आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे फुटलेले, माशाच्या काट्यासारखे. भरती आत येऊ लागली, ओहोटी बाहेर जाऊ लागली, मीठ धुतलं गेलं. मग लावलेली रोपं जगली. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये रॉबिन लुईस यांनी हीच दिशा आणखी पुढे नेली. त्यांचं म्हणणं, पाण्याचा वावर पूर्ववत केला आणि जवळपास बी देणारी झाडं असली, तर बऱ्याच ठिकाणी रोप लावायचीही गरज पडत नाही. समुद्र स्वतः बी आणून टाकतो.

गुजरातचा आकडा

वनस्थिती अहवालांनुसार गुजरातेत १९८७ साली ४२७ चौरस किलोमीटर तिवरवन होतं, २०२१ साली ते १,१७५ झालं. पश्चिम बंगालनंतर आपला क्रमांक दुसरा. ही वाढ खरी आहे आणि त्यामागे पुष्कळ लोकांचे हात राबले आहेत. गुजरात इकॉलॉजी कमिशनचं कार्यालय आपल्या वडोदऱ्यात होतं, तेव्हाच या संस्थेने किनाऱ्यावरच्या गावांच्या समित्या करून जंबुसर, वागरा, खंभातच्या बाजूला लागवड सुरू केली. स्थानिक लोक या झाडाला चेर किंवा तवर म्हणतात. पावसाळ्याच्या अखेरीस बी पडतं; ते झाडावर असतानाच आतून रुजलेलं असतं. कुठे ते सरळ चिखलात टोचतात, कुठे पिशवीत रोप करतात, कुठे चिखलाचे छोटे ओटे करून त्यावर पेरतात, म्हणजे कोवळं रोप भरतीत बुडून राहत नाही.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो फार कमी लोक वाचतात. घनतेच्या तीन वर्गांपैकी ‘अतिघनदाट’ वर्गात गुजरातचं क्षेत्र शून्य आहे. हजारहून अधिक चौरस किलोमीटर विरळ वर्गात मोडतं. झाडंही मुख्यतः एकाच जातीची. एकूण क्षेत्रातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग एकट्या कच्छ जिल्ह्यात. यात निसर्गाचाही वाटा आहे, कारण इथे पाऊस कमी आणि खार जास्त. सुंदरबनासारखं दाट वन इथे कधीच होणार नाही. तरीही विरळ वनाचं कारण केवळ हवामान मानून मोकळं होणं मला पटत नाही. कच्छमध्ये मिठागरांच्या बांधांनी खाड्यांची तोंडं बंद होऊन तिवरं उभ्या उभ्या वाळल्याची तक्रार हरित लवादापर्यंत गेली. ही तक्रार लावून धरणाऱ्यांत उंटपाळ होते. त्यांचे खराई उंट खाडी पोहून बेटांवर चरायला जातात, तिवराचा पाला खाऊन जगतात. खाडी बंद झाली तेव्हा झाडाइतकीच त्यांच्या पोटाचीही वाट बंद झाली.

केंद्र सरकारने ५ जून २०२३ रोजी ‘मिष्टी’ योजना सुरू केली. ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे ५४० चौरस किलोमीटर तिवरवन उभं करायचं उद्दिष्ट. गुजरातचा त्यात मोठा वाटा आहे. मला या योजनेकडून आशा आहे, आणि म्हणूनच वाटतं की किती रोपं लावली याऐवजी किती खाड्यांत भरती पुन्हा शिरू लागली, हे आधी मोजावं.

समुद्राखालचं काम

पाण्याखालच्या पुनर्स्थापनेतलं सगळ्यात यशस्वी उदाहरण अमेरिकेच्या व्हर्जिनियातलं आहे. तिथल्या किनारी उपसागरांमधलं सागरी गवत १९३०च्या दशकात रोगाने आणि १९३३च्या वादळाने पार संपलं होतं. गवतावर अवलंबून असलेले शिंपलेही गेले. सत्तर वर्षांनी शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी बी गोळा करून पेरायला सुरुवात केली. सात कोटींहून अधिक बिया पेरल्या, आणि गवत आता सुमारे ३,६०० हेक्टरांवर पसरलं आहे. यातला बराचसा भाग त्याने स्वतःच पादाक्रांत केला. पाणी निवळलं, तळाच्या मातीत कार्बन साठू लागला, मग शिंपले परत आणून सोडले आणि तेही टिकले. इथला क्रम शिकण्यासारखा आहे: आधी पाणी पुरेसं स्वच्छ आहे ना ते पाहिलं, मग गवत, मग प्राणी. आपल्याकडे पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोऱ्यांनी गवताचे तुकडे बांधून लागवड केली जाते, आणि तिथेच २०२२ साली गवतावर चरणाऱ्या समुद्रगाईसाठी देशातलं पहिलं राखीव क्षेत्र जाहीर झालं. समुद्रगाय कच्छच्या आखातातही आहे, फार थोडी.

प्रवाळाचं काम याहून कठीण. ओखामंडलच्या मिठापूरला वनखातं, एक स्वयंसेवी संस्था आणि तिथला रसायन-कारखाना यांनी मिळून २००८पासून प्रवाळ सावरण्याचा प्रकल्प चालवला. आखातातून नाहीशा झालेल्या शाखायुक्त प्रवाळाच्या जातीचे तुकडे लक्षद्वीपहून आणून लावण्याचा प्रयत्नही झाला. २०२० साली त्याच भागात पाण्याखाली लोखंडी सांगाडा ठेवून, त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडून, त्यावर चुन्याचा थर जमू द्यायचा आणि प्रवाळाचे तुकडे जोडायचे, असा प्रयोगही सुरू झाला. अशा प्रयोगांचं मोल मोठं आहे, पण समुद्राचं पाणी तापत राहिलं तर हातांनी लावलेले तुकडे पुरणार नाहीत. २०२४च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरं पडण्याची, घटना जाहीर केली. तापमानाला उत्तर किनाऱ्यावर नाही. गाळ आणि मळाला मात्र आहे, आणि मळ कमी झालेलं प्रवाळ तापाचा धक्का जास्त सोसतं.

नदीकडचं टोक

साखळीचं शेवटचं टोक आपल्याकडे आहे. नर्मदेत हिल्सा समुद्रातून वर चढून अंडी घालायची. भरूचच्या बाजूच्या मच्छीमार कुटुंबांचं पावसाळ्यातलं उत्पन्न तिच्यावर चालायचं. तिला पुराचं गोडं पाणी नदीच्या मुखातून बाहेर पडताना जाणवलं तर ती आत वळते. धरणांनी पाणी अडवलं, मुखापर्यंत खार चढला, आणि हिल्सा रोडावली. धरणं पाण्याबरोबर गाळही अडवतात. तिवरांच्या वनाला आपली पातळी वाढत्या समुद्राबरोबर राखायला नदीचा ताजा गाळ लागतो. म्हणून किनाऱ्याच्या पुनर्स्थापनेच्या चर्चेत धरणातून कधी आणि किती पाणी सोडायचं हा प्रश्न यायलाच हवा. आज तो वेगळ्या खात्याच्या फायलीत असतो.

विश्वामित्रीच्या पुनरुज्जीवनाच्या चर्चेतही मुखापर्यंतचा विचार हवा. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर शहरात बोलणं झालं ते नदी खोल-रुंद करण्याचं. पूर ओसरतो तो शेवटी ढाढरच्या मुखातून, आणि तिथे भरती चढलेली असेल तर पाणी अडून राहतं. शहरातली नाली, नदीकाठची पाणथळ जागा, मुखावरची खाडी, हा एकच पाणीमार्ग आहे.

एखाद्या ठिकाणचं काम खरोखर चाललं आहे का, हे बाहेरच्या माणसाला कसं कळावं? लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी जाऊन पाहावं. लावलेल्या झाडांच्या मध्ये न लावलेली रोपं उगवली आहेत का, चिखलात खेकड्यांची बिळं आहेत का, खाडीत बारीक जाळं टाकणाऱ्याला कोळंबीची पिल्लं मिळतात का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आणि हे जोडलेपण डोळ्यांनी पाहायचं असेल तर जामनगरजवळचं नरारा हे त्यासाठी उत्तम ठिकाण. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, सोबत स्थानिक वाटाड्या असतो, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहून ओहोटीला निघावं लागतं. हिवाळा बरा. किनाऱ्यावरून चालायला लागलं की आधी चेरांची रांग लागते, मग चिखल, मग काही ठिकाणी वाळूत सागरी गवताचे तुकडे, आणि पुढे उथळ पाण्यातलं प्रवाळ. वाटेत दगड उलटा केला तर पुन्हा होता तसा ठेवायचा, कारण खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. तळव्यांना चिखल घट्ट धरतो, म्हणून जुने बूट घालावेत.